वणवा टीव्ही बघत नाही

परवा सकाळी आत्याने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, "वाचा सगळ्यांनी. पटण्यासारखं आहे." मेसेजचं म्हणणं असं की टीव्हीवर वणव्यांची दृश्यं दाखवायला सरकारने बंदी घालावी. कारणं सहा दिली होती. ही दृश्यं बघून माथेफिरूंना चेव येतो आणि ते नवे वणवे लावतात, ऑस्ट्रेलियात असे १८३ जण पकडले गेले. २६/११ नंतर दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली, तशीच इथेही हवी. चॅनेलवाल्यांच्या हेलिकॉप्टर-ड्रोनमुळे आग विझवणारी विमानं अडतात. लोक घाबरून रस्त्यावर येतात, त्यापेक्षा सरकारी सूचना पुरेशा आहेत. वणवे पूर्वीही लागायचे, चॅनेलवाले राईचा पर्वत करतात. आणि शेवटी, राज्याची बदनामी होते, पर्यटक फिरकत नाहीत.

हा मेसेज त्याआधी तीन ग्रुपवर फिरताना मी पाहिला होता आणि सोडून दिला होता. आत्याकडून आला तेव्हा मात्र राहवलं नाही. कारण ८ जानेवारी २०२५ ला आत्या दिवसभर कुठे आणि कशासमोर बसली होती ते मला माहीत आहे. मी तिच्या शेजारीच होतो.

माझी आतेबहीण अमेरिकेत पॅसाडेना गावाच्या उत्तरेला, डोंगराच्या बाजूला राहते. लॉस एंजेलिसजवळच. तिकडे ७ जानेवारीच्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ईटन कॅन्यनमध्ये आग लागली, तेव्हा इथे साताऱ्यात ८ तारखेच्या सकाळचे पावणेआठ वाजले होते. थोड्या वेळाने तिचा फोन आला. डोंगर लाल दिसतोय, वारा विचारू नकोस असा आहे, वीज गेलीय. मी आत्याच्या टीव्हीवर तिथल्या लोकल चॅनेलचं लाईव्ह लावलं. तिच्या घरात अंधार होता, आणि तिच्यासाठीचा टीव्ही साताऱ्यात चालू होता. एका चौकात वार्ताहर डोळ्यांवर मोठा गॉगल लावून उभी होती. ठिणग्या रस्त्यावरून आडव्या, पावसासारख्या जात होत्या. मागे रस्त्याच्या नावाची पाटी हलत होती. आत्याने चष्मा पुसून ते नाव एकेक अक्षर लावत फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग बहीण म्हणाली, "आई, तिथे मी गाडीत हवा भरते."

दोन मुलं, पासपोर्टची पिशवी, सासऱ्यांची गोळ्यांची डबी, एवढं घेऊन ती पंधरा मिनिटांत निघाली. घर सोडण्याची सूचना तिच्या फोनवर वाजली तेव्हा ती मैत्रिणीच्या दारात पोचलेली होती. त्या रात्री (आपल्या दिवसभर) आत्याने टीव्ही बंद करू दिला नाही. जेवण समोरच झालं. आणि आता तीच म्हणते की हे दाखवणं बंद करा, पटण्यासारखं आहे. आत्या, तुझ्यावर राग नाही. ज्याने हे लिहिलं त्याच्यावर आहे.

आता १८३. अख्खा मेसेज याच खुंटीला टांगलेला आहे म्हणून हा आकडा आधी घेतो.

२०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात जे वणवे पेटले त्यांना तिकडे 'ब्लॅक समर' म्हणतात. नंतर तिथे नेमलेल्या रॉयल कमिशन या चौकशी आयोगाच्या हिशोबाने २ कोटी ४० लाख हेक्टरहून जास्त जमीन जळाली, ३३ माणसं थेट आगीत गेली, ३ हजारांवर घरं राख झाली. हे चालू असतानाच, जानेवारी २०२० मध्ये, न्यू साउथ वेल्स या एका राज्याच्या पोलिसांनी पत्रक काढलं. ८ नोव्हेंबर २०१९ पासून वणव्याशी संबंधित प्रकरणांत १८३ जणांवर कारवाई केली, असं त्यात होतं. इथवर मेसेज खरा आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने पत्रकाचं पहिलं वाक्य घेतलं आणि पुढची टाकून दिली. पुढे लिहिलं होतं की जाणूनबुजून वणवा लावल्याचा आरोप २४ जणांवर आहे. ५३ जणांवरची कारवाई आगबंदी मोडल्याबद्दल होती. आगबंदीच्या दिवशी तिकडे अंगणात कोळशाची शेगडी पेटवली तरी ती मोडते. ४७ जणांनी पेटती सिगारेट नाहीतर काडी टाकली होती. बाकीचे इतर लहानमोठ्या प्रकरणांतले. आणि 'कारवाई' या शब्दात नुसती ताकीद देऊन सोडलेलेही मोजले होते.

म्हणजे १८३ माथेफिरू नव्हेत, २४ आरोपी. त्या २४ जणांनी टीव्ही बघून आग लावली असं पत्रकात कुठे आहे? कुठेच नाही. टीव्हीचा 'ट'सुद्धा त्या पत्रकात नाही. सिगारेटचं थोटूक खिडकीतून टाकणारा माणूस बातम्या बघून चेव येऊन टाकतो, असं ज्याला वाटतं त्याने एकदा आपल्या घाटरस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्यांच्या काचा खाली होताना बघाव्यात.

आणि सगळ्यात मोठा वणवा कसा लागला? गॉस्पर्स माउंटनचा. २६ ऑक्टोबर २०१९ ला सिडनीच्या वायव्येच्या जंगलात वीज पडली आणि तिथून तो सुरू झाला. त्या एका वणव्याने ५ लाख हेक्टरहून जास्त जंगल खाल्लं, म्हणजे ५ हजार चौरस किलोमीटर. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा आहे. गोव्याहून मोठा मुलूख एका विजेने पेटला, त्यात ना काडी होती ना कॅमेरा. राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी समितीनेही हेच सांगितलं की मोठे वणवे बहुतांशी विजेचे होते आणि मुद्दाम लावलेल्या आगींचा जळीत क्षेत्रातला वाटा लहान होता.

हा १८३ चा आकडा २०२० मध्येही जगभर फिरवला गेला होता. तेव्हा त्याच्याकडून काम वेगळं करून घेत होते. हवामानबदल वगैरे काही नाही, सगळी आग लावलेली आहे, हे सांगायला तो वापरला. तिथल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या वेळीच दाखवलं होतं की हे पसरवणाऱ्यांत संशयास्पद, यंत्रासारखी चालणारी खाती बरीच होती. आता तोच आकडा मराठीत आलाय, नवं काम घेऊन.

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये ते घेऊन येईलच. मुद्दाम वणवे लावणारे असतात. ऑस्ट्रेलियातच ७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'ला १७३ माणसं मेली. त्या दिवशीचा चर्चिल गावाजवळचा वणवा एका माणसाने लावला होता आणि त्याला १० जणांच्या मृत्यूबद्दल कोर्टाने शिक्षाही दिली. पण त्याच दिवशी सगळ्यात जास्त, ११९ माणसं मारणारा किल्मोर ईस्टचा वणवा विजेच्या जुन्या तारेमुळे लागला होता. आपल्याकडे मे २०२४ मध्ये उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात तीन तरुणांनी पेटत्या जंगलासमोर फुशारकी मारत रील केली, ती तुफान फिरली. अशा रीलने दुसऱ्या कुणाला हुक्की येऊ शकते, मान्य. पण ती त्यांची स्वतःची रील होती, कुठल्या वार्ताहराची बातमी नव्हती. आणि ती फिरली म्हणूनच पोलिसांनी त्यांना उचललं. आत्महत्यांच्या बातम्यांचं अनुकरण होतं हे अभ्यासांतून पुढे आलं, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने बातमी कशी द्यावी याच्या सूचना काढल्या. बातमी देऊच नका असं काही सांगितलं नाही.

२६/११ चा मुद्दा. हा वाचताना पटकन पटतो, कारण मुंबईची ती रात्र आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे आणि तेव्हा चॅनेलांनी जे केलं त्याची लाज आजही वाटते. कमांडो छतावर उतरतानाची दृश्यं थेट जात होती आणि हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणारे सीमेपलीकडे बसून तीच दृश्यं बघत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाबच्या निकालात यावर चॅनेलांना फार कडक शब्दांत सुनावलं. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहिती तेवढी दाखवायची. हा नियम योग्य आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण तो नियम का झाला? कारण पलीकडे शत्रू टीव्ही बघत होता. वणवा टीव्ही बघत नाही. जवान कुठल्या उतारावर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून केलेला मोकळा पट्टा, काढतायत हे बातमीत ऐकून वणवा वळसा घालत नाही. तो वारा, उतार आणि वाळलेलं गवत एवढंच ओळखतो. इथे टीव्हीसमोर बसलेली आहेत ती त्या वणव्याच्या वाटेतली माणसं आणि त्यांची आईबापं. दहशतवाद्यापासून लपवायची ती माहिती आणि वणव्याच्या तोंडी असलेल्या माणसाला द्यायची ही माहिती, यांना एकाच नियमात कोंबणाऱ्याने दोन्हींचा विचार केलेला नाही.

आणि ज्यांच्याकडे खरोखर भयंकर वणवे लागतात त्यांनी काय केलंय? कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत ४०९.५ नावाचं कलम आहे. आग, पूर, भूकंप झाला की पोलिसांना तो भाग लोकांसाठी बंद करता येतो. पण त्याच कलमात लिहून ठेवलंय की वृत्तसंस्थांच्या अधिकृत प्रतिनिधींना त्या बंद भागात जाण्यापासून या कलमाने अडवता येणार नाही. ऑस्ट्रेलियात एबीसी या सार्वजनिक वाहिनीकडे आपत्तीच्या वेळचं प्रक्षेपण हे कामच सोपवलेलं आहे. वणवा जवळ आला की नेहमीचे कार्यक्रम थांबवून ती गावांची नावं घेत सूचना देते. दोघांनी पिढ्यानपिढ्या वणवे सोसलेत आणि दोघांनी बंदीच्या बरोबर उलट दिशेने नियम केलेत.

हेलिकॉप्टर-ड्रोनचा मुद्दा थोडक्यात. लॉस एंजेलिसमध्ये ९ जानेवारी २०२५ ला एक ड्रोन आग विझवणाऱ्या विमानावर आदळला हे खरं. कॅनडाहून मदतीला आलेलं ते विमान होतं, समुद्राचं पाणी उपसून आगीवर टाकणारं. पंखाला भोक पडलं, काही दिवस ते जमिनीवर राहिलं. पण तो ड्रोन एका हौशी माणसाचा होता, चॅनेलचा नव्हता, आणि त्याने नंतर गुन्हा कबूलही केला. वणव्यावर उड्डाणबंदी असतेच. ती मोडणाऱ्याला पकडा, तो वार्ताहर असला तरी पकडा. ७ तारखेच्या रात्री विमानं उतरवावी लागली ती ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यामुळे. त्याचं खापर कॅमेऱ्यावर फोडता येत नाही.

आता तो मुद्दा, ज्याच्यामुळे मला खरोखर झोप आली नाही. "लोक घाबरतात. सरकारी सूचना पुरेशा आहेत."

हवाई बेटांवर लहायना नावाचं गाव होतं. ८ ऑगस्ट २०२३ ला ते जळालं, १०२ माणसं गेली. त्या बेटावर धोक्याचे भोंगे होते. ते वाजवले गेले नाहीत. भोंगे का वाजवले नाहीत असं पत्रकारांनी विचारल्यावर आपत्ती विभागाच्या प्रमुखाने सांगितलं की हे भोंगे लोकांना त्सुनामीसाठी माहीत आहेत, ते वाजले असते तर लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडे पळाले असते. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. लोक चुकीचं काहीतरी करतील, म्हणून त्यांना कळवायचंच नाही, हा विचार प्रत्यक्षात आला की काय होतं ते तिथे दिसलं. मोबाईल टॉवर पडले होते, वीज गेली होती, भोंगा गप्प होता. कित्येकांना आग दारात आल्यावर कळलं. काहींनी समुद्रात उड्या मारून जीव वाचवला.

आता माझ्या बहिणीच्या शेजारचं आल्टाडेना घेऊ. तोच ईटन वणवा. या गावातून लेक अॅव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. रस्त्याच्या पूर्वेकडच्या लोकांना घरं सोडण्याचा आदेश संध्याकाळीच मिळाला. पश्चिमेला रात्री अकराच्या आधीच घरं पेटल्याचे फोन यायला लागले होते, तरी आदेश निघाला तो पहाटे ३ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास. लॉस एंजेलिस टाइम्सने नोंदी तपासून हे बाहेर काढलं. ईटन वणव्यात १९ माणसं गेली, जवळजवळ सगळी लेक अॅव्हेन्यूच्या पश्चिमेची, आणि त्यांत म्हातारी, आजारी, चालता न येणारी बरीच होती. सरकारी सूचना पुरेशा असत्या तर ही माणसं जिवंत असती. हे मी एका दमात लिहून गेलो खरा, पण पुन्हा वाचा. साडेचार तास. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, ज्या भागात दर वर्षी वणवे लागतात तिथे, सरकारी सूचना साडेचार तास मागे राहिली.

आणि ९ जानेवारीला याच्या उलट झालं. एका दूरच्या वणव्यासाठीची 'घर सोडायची तयारी करा' ही सूचना चुकून जिल्ह्यातल्या सगळ्या मोबाईलवर वाजली. लॉस एंजेलिस जिल्हा म्हणजे जवळजवळ १ कोटी माणसं. बहिणीने मैत्रिणीच्या घरी मुलांना दुसऱ्यांदा बूट घातले. सूचना चुकून आल्याचं सुमारे वीस मिनिटांनी कळवलं गेलं. त्या वीस मिनिटांत तिने काय केलं? टीव्ही बघितला. आपल्या बाजूला काही पेटलेलं नाही एवढं त्यावर दिसत होतं, म्हणून ती गाडीत बसली नाही. मोबाईलवरची सूचना उशिरा येऊ शकते, चुकीची येऊ शकते, टॉवर जळाला तर येतच नाही. त्यासोबत आणखी एक डोळा लागतो. तो फोडा म्हणणाऱ्याला मी माणसांच्या बाजूचा म्हणणार नाही.

घबराटीचं म्हणाल तर आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे कित्येक वर्षं सांगतायत की लोक सैरावैरा पळतात हे चित्र सिनेमातलं आहे. प्रत्यक्षात माणसं उशीर करतात. विश्वास बसत नाही, शेजाऱ्याला विचारतात, गच्चीवर जाऊन बघतात, सामान शोधत बसतात. बहिणीनेही तेच केलं होतं. फोनवर ती तासभर "बघू, बघू" म्हणत होती. त्या पाटीने तिला उठवलं.

चॅनेलांची बाजू घेऊन हे लिहीत नाही, हे सांगायला हवं. त्या आठवड्यात आपल्याकडच्या काही चॅनेलांनी जे दाखवलं ते संतापजनक होतं. कुठल्या नटाचा बंगला किती कोटींचा, यावर अर्धा अर्धा तास. तेच तेच दृश्य दिवसभर, वर 'लाईव्ह'ची पट्टी. हॉलिवूडची ती पांढरी अक्षरं जळतानाचं एआयने बनवलेलं चित्र सगळीकडे फिरलं, अक्षरं जागच्या जागी शाबूत असताना. मे २०२० मध्ये उत्तराखंडच्या नावाने जुने आणि परदेशातले फोटो फिरले होते आणि राज्य सरकारला खुलासा करावा लागला होता. यावर माझी मागणी साधी आहे. वणव्याच्या प्रत्येक दृश्यावर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा. जुनं असेल तर जुनं म्हणा. वार्ताहराला योग्य कपडे आणि मास्क द्या, आणि घर गमावलेल्या बाईच्या तोंडासमोर माईक धरून "कसं वाटतंय" विचारू नका. हे नियम करा, मी पहिली सही करतो.

"वणवे पूर्वीही लागायचे, चॅनेलवाले राईचा पर्वत करतात." आपल्याकडे पर्वतच राईएवढा दाखवतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीची ठिकाणं टिपते. २०२३-२४ च्या हंगामात देशभरात अशी २,०३,५४४ ठिकाणं नोंदली गेली. त्यातली किती तुम्ही टीव्हीवर पाहिली? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी, शिमग्याच्या आधीचा आठवडा, आमच्या मागच्या डोंगराला रात्री साडेनऊला आग लागली. नवं गवत चांगलं फुटतं या समजुतीने कुणीतरी खाली काडी लावली असणार, नेहमीचंच. विदर्भात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, आमच्याकडे गवतासाठी. आम्ही नऊ जण वर गेलो. ओल्या फांद्या तोडून आग झोडपायची, एकाने पुढे राहून गवत खरवडत पट्टा मोकळा करायचा. आग चढावर आपल्याहून जोरात पळते, म्हणून बाजूने जायचं, समोरून कधीच नाही. धुरात खोकला थांबत नाही, पायातल्या चपलेचा तळ मऊ झाल्याचं चालताना कळतं. पहाटे साडेतीनला एका टोकाला ती थांबली. दुसऱ्या टोकाला वनखात्याचे तीन वनमजूर आणि एक वनरक्षक आले होते. ते का आले? आमच्यातल्या एका पोराने काढलेला व्हिडिओ, ठिकाणासकट, तालुक्याच्या वार्ताहराने उचलला आणि त्याने फोन फिरवले. उपग्रहाचा इशारा येतो, पण उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो, आग त्याची वाट बघत थांबत नाही. दुसऱ्या दिवशी एकाही चॅनेलवर त्या डोंगराचं नाव नव्हतं. घरट्यांत अंडी होती तो सगळा उतार काळा पडला होता.

आमच्यासारख्यांना अडचण आहे ती या न दिसण्याची. वणव्यांच्या दृश्यांचा आमच्याकडे दुष्काळ आहे आणि हे दृश्यांचा पूर आल्यासारखे बांध घालायला निघालेत.

बदनामीवर फार लिहिणार नाही, कारण माणसं जळत असताना हॉटेलांच्या बुकिंगची चिंता पुढे करणाऱ्याशी काय बोलायचं हे मला सुचत नाही. २०२४ चा उत्तराखंडचा उन्हाळा तेवढा आठवून बघा. नैनितालवरचा धूर एप्रिलच्या शेवटी देशभर दिसला, हवाई दलाचं हेलिकॉप्टर बादलीने पाणी टाकताना दिसलं. मे महिन्यात प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होतं. नोव्हेंबरपासून ३९८ आगी, सगळ्या मानवनिर्मित, असं राज्याने सांगितलं. पावसाच्या भरवशावर बसणं हा उपाय नव्हे, असं न्यायालयाने सुनावलं. वणव्याच्या ऐन हंगामात वनकर्मचारी निवडणुकीच्या ड्यूटीला का पाठवले, याचा जाबही विचारला. दृश्यं बाहेर आली नसती तर हे प्रश्न इतक्या लवकर विचारले गेले असते असं मला वाटत नाही. तरीही १३ जूनला बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच जळाले. त्यांची बातमी दाखवली तर राज्याची बदनामी होते म्हणे. गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हाही नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं येईपर्यंत गोष्ट गेली. तिथल्या लोकांनी आणि पत्रकारांनी रोज विचारत राहून तो विषय जागता ठेवला. पर्यटक त्यामुळे कमी झाले असतील तर मला त्याचं वाईट वाटत नाही. जंगल जळून गेल्यावर ते काय बघायला येणार होते?

यातला बराचसा मजकूर मी आधी ग्रुपवरच लिहिला, तुकड्या तुकड्यांत. बहिणीने तिकडच्या पहाटे वाचला आणि काहीच लिहिलं नाही, फक्त त्या चौकाचा आताचा एक फोटो टाकला. हवा भरायचं दुकान आहे, मागचा डोंगर थोडा हिरवा झालाय. तासाभराने आत्याचा फोन आला. तिने मेसेज काढून टाकला होता, पण तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो कुणीतरी आधीच टाकलाय. "ते २४ चं नीट लिहून पाठव बरं मला," म्हणाली, "१८३ मधले किती कशाचे ते. आणि मोठ्या अक्षरात पाठव."